लू ओढणारा कांदा

गजानन वाण्यांची आणि माझी पहिली भेट झाली त्या दुपारी बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातलं डांबर वितळून रस्ता हळूहळू शनवाऱ्याकडे सरकत होता. कावळे पायी चालत होते, कारण उडावं तर सूर्य आणखी जवळ येतो. तारेवर वाळत घातलेला टॉवेल काढायला गेलो तर हातात पापड आला. नळाला थेट चहाच येत होता, साखर आणि पत्ती तेवढी आपली. मी नाशिकहून बदली होऊन आलेला बँकेतला माणूस. खोलीच्या दारापासून समोरच्या पानटपरीपर्यंतचं अंतर कापायला निघालो होतो, आणि वाटेतच माझी सावली मला सोडून कोणाच्या तरी ओट्याखाली जाऊन बसली होती.

त्या भट्टीत, रस्त्याच्या कडेला, लोखंडी खुर्ची टाकून एक गृहस्थ बसले होते. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हातात चहाची बशी. चहातून वाफा निघत होत्या आणि ते फुंकर मारत नव्हते.

"नवीन दिसून राहिले," ते म्हणाले. "कुठले?"

"नाशिक," मी म्हणालो. म्हणजे तसं म्हणायचा माझा विचार होता. जीभ टाळूला चिकटल्यामुळे बाहेर फक्त "नाक" पडलं.

"वाटलंच. थंड हवेची माणसं." त्यांनी माझ्याकडे दवाखान्यातल्या पेशंटकडे बघतात तसं बघितलं. "बसा. चहा घ्या. आज तसा गारवाच आहे."

मी शेजारच्या लोखंडी खुर्चीवर बसलो आणि बसलो त्याच्या दुप्पट वेगाने उठलो. ते समाधानाने हसले. त्यांच्या पाठीमागे त्यांचं दुकान होतं, आणि दुकानात ओळीने मांडलेले होते कूलर.

होय. हा माणूस कूलर विकत होता. कूलर, कूलरचं गवत, कूलरची पाण्याची मोटर. मात्र कूलर वापरणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न असायचा, "कोणाला पाहिजे? घरात कोणी आजारी आहे का?" गिऱ्हाईक ओशाळं होऊन म्हणायचं, की नाही, आपलं आईसाठी. मग गजाननभाऊ सहानुभूतीने मान हलवत कूलर बांधून द्यायचे. अख्ख्या बुधवाऱ्यात कूलर नसलेलं एकच घर होतं, ते त्यांचं. दुकानाच्या मागेच.

काही लोकांना गावच्या किल्ल्याचा अभिमान असतो, काहींना दराबा नावाच्या मिठाईचा, काहींना माव्याच्या जिलबीचा. गजाननभाऊंना तापमानाचा होता. रोज संध्याकाळी निंबाच्या पानटपरीवर मोबाइलमध्ये दिवसभराचा आकडा बघायचा कार्यक्रम असे. आकड्यात बुऱ्हाणपूर इतर गावांच्या वर असलं की ते सगळ्यांना पान खिलवायचे. शेजारचं खरगोन वर असलं की त्यांचा चेहरा पडायचा.

"खरगोनवाल्यांनी थर्मामीटर तव्यावर ठेवला असेल," ते म्हणायचे. "आपला खरा आकडा सावलीतला आहे भैया. प्रामाणिक आकडा."

"आणि भुसावळ?" टपरीवाला निंबा मुद्दाम विचारायचा.

भुसावळचं नाव काढलं की गजाननभाऊ पान न घेता घरी निघून जायचे. त्यामागे मोठं दुःख होतं. त्यांच्या पत्नी विमलवहिनी माहेरच्या भुसावळच्या, आणि लग्न ठरवताना ही गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. पत्रिका जुळली, हवामान जुळलं की नाही हे कोणी बघितलंच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात गजाननभाऊंनी अभिमानाने विचारलं, "काय, सोसतंय का आमचं ऊन?" त्यावर नवी नवरी पदर सावरत म्हणाली, "ऊन? कुठंय? आमच्या भुसावळला याच्याहून जास्त असतं." त्या दिवसापासून त्या घरातला पंखा दोन नंबरच्या पुढे गेला नाही. आधी कोण वाढवतं याची दोघंही वाट बघत होते. चाळीस वर्षं होत आली, अजून वाट बघणं चालू होतं.

त्यांच्या आयुष्यात खरं संकट आलं ते कुत्र्याच्या रूपाने.

त्यांचा मुलगा मयूर बंगळुराला कॉम्प्युटरच्या कंपनीत. लॉकडाऊनमध्ये तो घरून काम करायला बुऱ्हाणपुरात आला, आणि त्याच मे महिन्यात दुकानाबाहेर पडलेल्या कूलरच्या पत्र्याच्या खोक्याखाली एक कुत्री व्यायली. त्यातलं एक काळं पिल्लू गजाननभाऊंच्या चपलेत झोपायला लागलं. त्यांनी त्याचं नाव काळू ठेवलं, कारण ते काळं होतं आणि जास्त विचार करायची त्यांना सवय नव्हती. लॉकडाऊन उठल्यावर मयूर त्याला बंगळुराला घेऊन गेला. "बरं झालं, कटकट गेली," गजाननभाऊ म्हणाले, आणि पुढे आठवडाभर दुकानाच्या पायरीवर दूध ठेवत राहिले. मांजरी खूश होत्या.

काही वर्षांनी, एका मार्चच्या सुरुवातीला, मयूर आणि सूनबाई रुपाली गाडी घेऊन आले. गाडीचं दार उघडलं. आतून थंड हवेचा एक लोट आला आणि त्या लोटामागून आमचा काळू प्रकटला. गुबगुबीत, चमकदार, गळ्यात निळा पट्टा, पट्ट्यावर इंग्रजीत नाव: ब्रूनो. त्याने बुधवाऱ्याच्या रस्त्यावर एक पाय टेकवला. पाय उचलला. पायाकडे बघितलं. मग मयूरकडे बघितलं, आणि मागे वळून पुन्हा गाडीत जाऊन बसला. दार लावून घेता आलं असतं तर त्याने तेही लावून घेतलं असतं.

"पपा, आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, हा फ्लॅटमध्ये एकटा," मयूर म्हणाला. "थोडे दिन इकडे राहू दे. पण प्लीज, दुपारी बाहर मत निकालना. एसीची आदत आहे त्याला."

"आदत?" गजाननभाऊ कडाडले. "अरे, ह्याची आई ऐन मे महिन्यात पत्र्याखाली व्यायली! बुऱ्हाणपूरचं रक्त आहे हे. पाच मिनिटांत ओळख पटेल त्याला."

"पपा, रक्ताचं काही नसतं यार. मी आखाजीच्या सणाला येतो. तोपर्यंत त्याला इथली गरमी झेपली तर तो तुमचा. नाही झेपली तर घेऊन जातो. तिकडे डॉग हॉस्टेल आहे, महिन्याच्या बोलीवर ठेवतात."

"हॉस्टेल!" हा शब्द गजाननभाऊंना झोंबला. मयूर स्वतः हॉस्टेलात गेला तो कायमचा असा परत आला नव्हता. गाडी गेल्यावर त्यांनी कुत्र्याच्या गळ्यातला निळा पट्टा काढून खिशात घातला आणि म्हणाले, "चल काळू. आखाजीपर्यंत तुला माणसात आणतो."

ब्रूनोने जीभ बाहेर काढली. ती आत गेली नाही.

पहिल्या तासाभरात त्याने सगळं घर हुंगून पाहिलं आणि न्हाणीघरातल्या मोरीत जाऊन आडवा झाला. विमलवहिनींना आंघोळीसाठी त्याची परवानगी घ्यावी लागे. दुसऱ्या दिवशी त्याला दुकानाचा शोध लागला. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवायला एक-दोन कूलर चालू असायचे. तो एकेका कूलरसमोर बसून पाही, नाक वर करी, उठे, दुसऱ्यासमोर बसे, आणि शेवटी एकासमोर चारी पाय पसरून डोळे मिटून घेई. गिऱ्हाइकं बोट दाखवायला लागली. "भैया, कुत्ता जिसके सामने सोया है, वही दे दो." त्या मार्चमध्ये दुकानाची विक्री पूर्वी कधी झाली नव्हती एवढी झाली. दुसरा कोणी दुकानदार असता तर त्याने त्या कुत्र्याला हार घातला असता. गजाननभाऊंना मात्र रोज संध्याकाळी लाज वाटे.

"माझ्याच दुकानात, माझ्याच घरचा, गावासमोर कूलर खाऊन राहिला!" ते टपरीवर म्हणाले.

"भाऊ, त्याला बेंगलोरला परत धाडा," निंबा म्हणाला. "नाहीतर भुसावळला ट्रेनिंगला पाठवा."

त्या एका वाक्याने काळूचं प्रशिक्षण सुरू झालं. गजाननभाऊंची पद्धत सरळ होती. ज्या वेळी सूर्य डोक्यावर असतो, त्याच वेळी कुत्रा उन्हात न्यायचा. सवय म्हणजे सवय, त्यात सकाळ-संध्याकाळ कसली? पोहायला शिकवताना कोणी घोटाभर पाण्यात शिकवतं का? रोज दुपारी जेवण झालं, की एका हातात साखळी आणि दुसऱ्या हातात काहीच नाही (टोपी, छत्री वगैरे त्यांच्या तत्त्वात बसत नसे) अशी त्यांची स्वारी राजपुऱ्याच्या दिशेने निघायची. काळू तीन घरं चालायचा आणि उसाच्या रसाच्या गाडीखाली आडवा व्हायचा. मग गजाननभाऊ साखळी ओढत, रसवाला हसत, आणि काळू डोळे मिटून, असं बराच वेळ चाले.

"गजूभाऊ, कुत्रा तुम्हाला फिरवून राहिला का तुम्ही त्याला?" टपरीवरून कोणीतरी ओरडे.

"रक्त जागं होतंय," गजाननभाऊ उत्तर देत. "वेळ लागतो."

पण वेळच नव्हता. मार्च अर्धा सरला, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया महिन्याभरावर आली, आणि काळू उसाच्या गाडीच्या पुढे जायला तयार नव्हता. मग गजाननभाऊंना कांदा आठवला.

लू, म्हणजे उन्हाळ्यातली तापलेल्या वाऱ्याची झळ, लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवायचा, हे इथे बुऱ्हाणपुरात शाळेत जायच्या आधी शिकवलं जातं. शिक्षक, वकील, तहसील कचेरीतले बाबू, सगळ्यांच्या खिशात उन्हाळ्यात एक फुगवटा असतो. भाषण करताना एखाद्याने रुमाल काढला आणि कांदा व्यासपीठावरून घरंगळत गेला, तर इथे कोणी हसत नाही. उचलून देतात. कांदा लू ओढून घेतो आणि माणूस वाचतो, असा हा सरळ हिशोब. गजाननभाऊंच्या लक्षात आलं की माणसाला खिसा आहे, कुत्र्याला नाही. सगळा घोटाळा तिथेच आहे!

त्यांनी जुन्या धोतराच्या पातळ फडक्यात एक चांगला लालभडक कांदा बांधला आणि काळूच्या गळ्यात लोंबता सोडला. त्या दुपारी काळू नेहमीसारखा उसाच्या गाडीखाली पडला. संध्याकाळी घरी आल्यावर गजाननभाऊंनी फडकं चाचपलं. फडक्याला एक भोक होतं आणि कांदा नव्हता.

ते तसेच टपरीवर धावत आले. फडकं त्यांच्या हातात होतं. मी तिथेच होतो.

"बघा," ते म्हणाले. "कांदा संपला!"

"संपला म्हणजे?" निंबाने विचारलं.

"लू ओढता ओढता संपला. माझ्या खिशातला कांदा चार-चार दिवस टिकतो, जरा सुकतो फक्त. ह्याच्या गळ्यातला एका दुपारी गेला! म्हणजे कुत्र्याला लू किती लागून राहिली होती विचार करा! कांदा नसता तर..."

"पडला असेल कुठे," मी म्हणालो.

"आणि हे भोक? लू आतून जोरात निघाली, तिचं भोक आहे हे."

असा पुरावा समोर ठेवल्यावर नाशिकच्या माणसाने काय बोलायचं? दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा कांदा बांधला. तोही संपला. तिसऱ्या दिवशी जरा मोठा बांधला. तोही संपला. गजाननभाऊंना त्यातून हवामानशास्त्राची एक नवीन शाखाच सापडली. "आज अख्खा गेला, म्हणजे त्रेचाळीस तरी असणार," ते संध्याकाळी सांगायचे, आणि मोबाइलवर एकेचाळीस दिसलं की मोबाइल चुकायचा. बातमी पसरली. राजपुऱ्यात कोणीतरी बकरीच्या गळ्यात कांदा बांधला आणि तोही संपला. मग तर शंकाच उरली नाही. एका रिक्षावाल्याने रिक्षाच्या हँडलला बांधला. तो टिकला, तेव्हा लोकांनी निष्कर्ष काढला की बजाजच्या इंजिनला लू लागत नाही.

एकट्या विमलवहिनी या शोधाबाहेर होत्या.

"अहो, ह्याच्या तोंडाला कांद्याचा वास येतो," त्या म्हणाल्या.

"तो लूचा वास आहे."

"लूला कांद्याचा वास?"

"कांद्यात गेली की येणारच ना! तुमच्या भुसावळला लूच नसते, तुम्हाला काय कळणार?"

यावर विमलवहिनींनी पंख्याकडे मान वळवली. भुसावळचा विषय निघाला की त्या पंख्याकडेच बघत असत.

पण पुढच्या आठवड्यात काळूने जेवण सोडलं. मोरीतून उठेना. उठला तर मागचे पाय लटपटायचे. एका सकाळी विमलवहिनींनी त्याचा ओठ वर करून बघितला तर हिरड्या पांढऱ्या पडलेल्या, आणि मोरीत वाहिलेली लघवी चहाच्या रंगाची. गजाननभाऊंनी ते पाहिलं आणि पहिल्यांदाच मी त्यांना तापमान न विचारता घराबाहेर पडताना बघितलं. त्यांनी काळूला उचलून छातीशी धरलं होतं. वजन बंगळुराचं होतं, तरी त्यांनी ते कोणाला धरू दिलं नाही. स्कूटर मी चालवली. मागे बसून ते सारखे त्याच्या कानात बोलत होते, "हॉस्टेलात नाही जायचं तुला. कोणी नेत नाही तुला. तुझी चप्पल ठेवलीय मी."

जनावरांच्या डॉक्टर मृणाल या तिशीतल्या, बोलायला चटपटीत. त्यांनी काळूला तपासलं, हिरड्या बघितल्या, रक्त घेतलं.

"काका, काय खायला देता?"

"पोळी, दूध, वरण. डब्यातलं त्याचं ते कुरकुरीत."

"कांदा-लसूण काही?"

"छे! खायला नाही देत." गजाननभाऊ सावरून बसले. "गळ्यात बांधतो."

डॉक्टरांचा पेन थांबला. "गळ्यात काय बांधता?"

"कांदा. लूसाठी."

"आणि मग त्या कांद्याचं काय होतं?"

"संपतो," गजाननभाऊ म्हणाले, आणि हे सांगत असतानाच त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. ते काळूकडे बघायला लागले. काळूने टेबलावर पडल्या पडल्या दुसरीकडे तोंड फिरवलं.

"काका, कांदा कुत्र्याला विष असतो," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त नासवतो त्याचं. तुम्ही रोज एक खाऊ घालून राहिले त्याला. गळ्यात बांधून! म्हणजे ताट-वाटी पण नको, चालता चालता जेवण."

हसू की नको अशा अवस्थेत मी भिंतीवरचा गाईचा फोटो बघत राहिलो.

"वाचेल ना?" गजाननभाऊंनी विचारलं. एवढा बारीक आवाज त्यांच्याकडे होता हे मला माहीत नव्हतं.

"वाचेल. वेळेत आणला. पण ऐका आता नीट." आणि मग त्यांनी गजाननभाऊंच्या आयुष्यभराच्या तत्त्वज्ञानावर पाणी ओतायला सुरुवात केली. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकतो तेवढाच त्याचा कूलर. तापलेल्या डांबरावर त्याचे तळवे भाजतात. आपला हात रस्त्यावर पालथा ठेवून बघायचा, आपल्याला ठेववत नसेल तर त्याला चालवायचं नाही. हा इथला असला तरी इतकी वर्षं एसीत राहिला, त्याच्या शरीराची सवय मोडली. त्यात वजन वाढलं, म्हणजे अंगावर बारा महिने रजई. सवय परत येते, पण आठवडे लागतात, आणि रोज थोडी थोडी लावायची. पहाटे, गारव्यात, आधी थोडं चालणं, मग जरा जास्त. पाणी भरपूर. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबायला लागली की थांबायचं, सावलीत बसवायचं.

"आणि दुपारी?" गजाननभाऊंनी आशेने विचारलं.

"दुपारी घरात. आणि काका, तुम्ही पण."

गजाननभाऊ हसले. "मी? मी बुऱ्हाणपूरचा आहे मॅडम."

"हा पण बुऱ्हाणपूरचाच आहे," डॉक्टर म्हणाल्या.

काळूची सूत्रं विमलवहिनींनी हातात घेतली. कोणी दिली नाहीत, त्यांनी घेतली. आठवडाभर त्याला कलेजीचं पाणी आणि औषधं पाजली, शाकाहारी घरात कलेजी कुठे शिजली हे मी विचारलं नाही, पण त्या दिवसांत निंबाच्या टपरीमागून विचित्र वास येत असे. मग पहाटे त्या त्याला घेऊन निघायला लागल्या. आधी गल्लीच्या टोकापर्यंत. मग बाजारापर्यंत. मग खाली तापीच्या घाटापर्यंत. वाटेत थांबायच्या, त्याच्या जिभेकडे बघायच्या, भुसावळकरणीच्या अनुभवी नजरेने. घाटावर तो पाण्यात पोट टेकवून बसायचा आणि मग परत फिरायचे. वजन उतरलं. हिरड्या गुलाबी झाल्या. दुपारी तो ओट्यावरच्या सावलीत, मोरीशिवाय आणि कूलरशिवाय, निवांत झोपायला लागला. एप्रिल वर वर चढत होता आणि काळू त्याच्याबरोबर एकेक पायरी चढत होता.

गजाननभाऊ रोज पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या मागे चालायचे आणि रोज तक्रार करायचे.

"ही काय सवय झाली? ही तर हवा खाणं झालं. सकाळी सहाला तर इंदूरचा कुत्रा पण पळेल."

"तुम्हाला कुत्रा पाहिजे की आकडा?" विमलवहिनी मागे न बघता म्हणायच्या.

कुत्रा पाहिजे होता. हे ते तोंडाने म्हणाले नाहीत, पण एकदा घाटावर काळूने ओल्या अंगाने त्यांच्या शर्टावर पाय ठेवले तेव्हा तो शर्ट त्यांनी तीन दिवस धुवायला टाकला नाही.

आखाजीला मयूर आणि रुपाली आले. विमलवहिनींनी घागर भरून पूजली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आमरस केला, पुरणपोळ्या केल्या. सकाळीच मयूर घाटावर जाऊन आला होता. काळू त्याच्यापुढे धावत गेला, धावत परत आला, पाण्यात डुबकी मारून अंग झाडलं, आणि धापही फारशी लागली नव्हती. मयूर बघतच राहिला.

"मम्मी, हा तर एकदम फिट झाला यार!" तो जेवायला बसताना म्हणाला. "ठीक आहे पपा. तुम्ही जिंकलात. राहू दे इथे."

झालं! आखाजी, आमरस, कुत्रा, सगळं मिळालं होतं. दुसरा माणूस असता तर त्याने ढेकर दिला असता आणि झोपला असता. मीही त्या पंगतीला होतो आणि माझा तोच बेत होता. पण गजाननभाऊंनी आमरसाची तिसरी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "सकाळचं खरं नाही. दुपारचं दाखवतो तुला."

"अहो, काही नको," विमलवहिनी म्हणाल्या.

"नाही कसं? हा बेंगलोरला जाऊन सांगेल, की कुत्रा सकाळी सहाला पळतो. गावाची इज्जत काय राहिली? चल काळू!"

ते भर दुपारी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. डोक्यावर काही नाही. खिशात कांद्याचा फुगवटा. "ये काळू! ये राजा! दाखव याला बुऱ्हाणपूरचं रक्त!"

काळू ओट्याच्या सावलीत बसला होता. त्याने कान टवकारले. उठला, ओट्याच्या कडेपर्यंत आला, एक पाय खाली रस्त्यावर टेकवला, उचलला आणि परत जाऊन बसला. हे त्याने अगदी डॉक्टर मृणाल यांनी सांगितल्याप्रमाणे केलं.

"ये म्हणतो ना!" गजाननभाऊ ओरडले. टपरीवर मंडळी जमली. रसवाला गाडी सोडून आला. "अरे, लाजतोय तो. पाहुणे आहेत म्हणून. ये रे!"

"पपा, बस झालं, आत या," मयूर ओट्यावरून म्हणाला.

"तू थांब! तो येईपर्यंत मी हलत नाही."

आणि ते खरंच हलले नाहीत. बराच वेळ हलले नाहीत. मग त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग नुसताच कोरडा झाला, त्यांनी एकदा "आज तसा गारवाच..." असं म्हटलं, आणि शर्टाच्या सगळ्या बटणांसकट ते रस्त्यावर बसले, आणि बसले ते आडवे झाले. खिशातला कांदा बाहेर पडून घरंगळत गेला. काळूने प्रचंड भुंकायला सुरुवात केली. मात्र सावलीतूनच. इतकं चांगलं वळण मी दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला लागलेलं पाहिलेलं नाही.

आम्ही सगळ्यांनी त्यांना उचललं. दवाखान्यात सलाइन लावलं, डोक्यावर, काखेत ओली फडकी ठेवली. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. वयाच्या मानाने जास्तच लागलं, पुन्हा लागलं तर अवघड आहे, उन्हाळ्यात थंड जागी ठेवा. संध्याकाळी त्यांनी डोळे उघडले. खोलीत एसी होता. त्यांनी आधी एसीकडे बघितलं, मग आम्हा सगळ्यांकडे, आणि मग निंबाला खुणेने जवळ बोलावलं.

"किती होतं आज?"

निंबाने मोबाइल काढला. खोटं बोलायला हरकत नव्हती, पण सवय वाईट.

"त्रेचाळीस, भाऊ."

गजाननभाऊंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. "आणि..."

"भुसावळ पंचेचाळीस."

त्यांनी डोळे पुन्हा मिटले. विमलवहिनींनी उठून एसी थोडा वाढवला.

आखाजीनंतर, ज्याला बुऱ्हाणपूरचं ऊन सोसत नाही त्याला मयूर बंगळुराला घेऊन जाणार, असं आधीच ठरलेलं होतं, आणि तसं तो घेऊन गेला. गाडी निघाली तेव्हा गजाननभाऊ मागच्या सीटवर खिडकीला नाक लावून बसले होते. काळू वळणापर्यंत गाडीच्या मागे धावला. सकाळचे सहा वाजले होते, त्यामुळे त्याला काही त्रास झाला नाही.

काळू इथेच असतो. दुकान विमलवहिनी चालवतात. घरातला पंखा आता पाच नंबरवर आहे. काल त्यांनी कुरिअरने बंगळुराला गजाननभाऊंचा स्वेटर पाठवला.